भिंतीवरचं टेबल, झोळी झालेली फळी आणि उभंच न राहिलेलं कपाट : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी लहान जागेसाठी घरच्या घरी स्वस्तात फर्निचर कसं बनवायचं यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की काही अडलं तर विचारा. लोकांनी मनावर घेतलं. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं अडतंय असे सात निवडलेत. एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक पत्रात होती, "ताई, जागाच नाहीये हो." जागा असते. ती खुर्ची मागे सरकवण्यात, ड्रॉवर बाहेर ओढण्यात आणि कपाटाचं दार फिरण्यात गेलेली असते, आणि टेप घेऊन आपण मोजतो ते फक्त फर्निचर, ही हालचाल कोणी मोजतच नाही.

ताई, खोली दहा बाय दहा, त्यात पलंग आणि कपाट ऑलरेडी आहे. घरून काम सुरू झाल्यापासून मांडीवर लॅपटॉप घेऊन पाठीचं भजं झालंय. भिंतीला लावायचं फोल्डिंग टेबल बनवायचा विचार आहे पण भीती वाटते की एक दिवस लॅपटॉपसकट खाली येईल. आणि उंची किती ठेवायची? – दहा बाय दहावाला

भीती रास्त आहे, पण ड्रिल जरा बाजूला ठेवा आणि आधी जुनी वर्तमानपत्रं काढा. टेबल दीड फूट खोल आणि तीन फूट लांब धरा, लॅपटॉप, माउस आणि एक वही एवढ्यात आरामात बसते. त्या मापाचा कागद भिंतीलगत जमिनीवर चिकटवा, खुर्ची आणून खरोखर बसा, उठा, मागे सरका. टेबलाच्या कडेपासून मागच्या पलंगापर्यंत निदान अडीच फूट मोकळं पाहिजे, आणि तुम्ही बसलेले असताना मागून कोणाला ये-जा करायची असेल तर तीन फूटही कमीच वाटतील. हा कागद दोन दिवस तसाच राहू द्या. निम्म्या लोकांना दुसऱ्याच दिवशी कळतं की टेबल त्या नाही, समोरच्या भिंतीला हवंय.

उंचीचं म्हणाल तर साधारण २८ ते ३० इंच हे रूढ माप, पण ते तुमच्या खुर्चीवर अवलंबून आहे. ज्या खुर्चीवर बसणार तिच्यावरच बसा, पाय जमिनीला टेकवा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कोपराखालून जमिनीपर्यंत कोणाला तरी मोजायला सांगा, जे येईल ती तुमची उंची. बुटक्या माणसाने ३० इंचाचं टेबल केलं की दिवसभर खांदे वर चढलेले राहतात आणि दोष बिचाऱ्या खुर्चीला मिळतो.

आता पडण्याचं. अशा टेबलाचा स्क्रू सहसा तुटत नाही, तो भिंतीतून उपटला जातो. का ते बघा. तुम्ही टेबलाच्या पुढच्या कडेवर, म्हणजे भिंतीपासून १८ इंचावर, कोपर टेकून २० किलोचा भार टाकला. खाली लावलेला ब्रॅकेट (काटकोनी आधार) भिंतीला फक्त ६ इंच उंचीत टेकलेला असेल तर वरच्या स्क्रूवर ओढ येते अठराला सहाने भागून तिप्पट, म्हणजे ६० किलोची. तोच ब्रॅकेट भिंतीलगत १२ इंच उभा असेल तर ओढ ३० किलोवर येते. दोन ब्रॅकेट असले की वाटून जाते हे खरं, तरी ब्रॅकेट घेताना आडवी बाजू किती लांब हे सगळे बघतात, उभी बाजू कोणी बघत नाही. आणि टेबलाच्या कडेवर कोणीतरी बूड टेकवतंच, तेव्हा २० किलोचा हिशोब कुठल्या कुठे जातो.

म्हणून मी स्वतः ब्रॅकेटच्या भानगडीत न पडता जमिनीला टेकणारा पाय देते. भिंतीला एक आडवी लाकडी पट्टी ठोकायची, तिला खालच्या बाजूने पियानो बिजागरी (लांबीभर जाणारी सलग बिजागरी) लावून १८ एमएम प्लायची फळी जोडायची, आणि फळीच्या पुढच्या कडेजवळ खालून एक पाय, तोही बिजागरीवर. टेबल उघडलं की पाय उभा, मिटलं की फळी भिंतीलगत लोंबते. यात मी पहिल्यांदा केलेला गाढवपणा सांगते. पाय मी भिंतीच्या दिशेने मिटेल असा लावला. फळी १८ इंच खोल, पाय २८ इंच लांब, मिटवल्यावर दहा इंच पाय फळीबाहेर, टेबल बंदच होईना! पाय टेबलाच्या लांबीच्या दिशेने मिटला पाहिजे, तीन फुटात तो मावतो. दुसरं म्हणजे मिटल्यावर पाय फळी आणि भिंत यांच्या मध्ये येतो, त्यामुळे पाय दीड इंच जाड असेल तर भिंतीवरची पट्टी पावणेदोन इंच तरी बाहेर आलेली हवी, नाहीतर फळी सरळ लोंबणार नाही, फुगलेली दिसेल. पायाला उघडल्यावर एक छोटी कडी द्या, पाय लागून तो मिटला तर तुमची भीती खरी होईल.

भिंतीत भोक पाडताना धुळीचा रंग बघत राहा. आधी पांढरी-करडी भुकटी येते ते प्लास्टर, ते साधारण अर्धा ते पाऊण इंच असतं आणि त्यात काही दम नसतो. मग लाल धूळ आली की वीट लागली, करडीच येत राहिली आणि ड्रिल जोर मागायला लागलं तर काँक्रीट. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात तो तुकडा, पूर्णपणे त्या आतल्या भागात बसली पाहिजे, प्लास्टरमध्ये बसलेली गिट्टी म्हणजे भाताच्या ढिगात रोवलेली काठी. ड्रिल बिटवर हव्या त्या खोलीला टेपचा तुकडा गुंडाळा म्हणजे किती आत गेलो ते कळतं, आणि भोकातली धूळ काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नका. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारी भिंत असेल तर आतल्या उभ्या चौकटीत स्क्रू गेला पाहिजे, नुसत्या बोर्डात नाही. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात.

पुस्तकांसाठी चार फुटी फळ्या लावल्या, दोन्ही टोकांना आधार आहे, सुरुवातीला छान दिसत होतं, सहा महिन्यांत मधे झोळी झाली. पार्टिकल बोर्ड आहे. फळी मजबूत नव्हती का दुकानदाराने फसवलं? – वाचणारी

दुकानदाराने फसवलं नाही, लांबीने फसवलं. पुस्तकं दिसतात निरुपद्रवी पण एका फुटाला साधारण आठ-नऊ किलो भरतात, म्हणजे तुमच्या एका फळीवर पस्तीसेक किलो आहेत, रात्रंदिवस, सुट्टी नाही. आणि फळी वाकण्याचं गणित मोठं बेरकी आहे. भार सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर लांबी दुप्पट केली की वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट्या बाजूने बघा, चार फुटांच्या मधोमध एक आधार दिला की प्रत्येक तुकडा दोन फुटांचा होतो आणि वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. जाडीचंही तसंच, १८ ऐवजी २५ एमएम घेतली तर वाक जवळपास अडीच-पावणेतीन पटीने कमी. पण जाड फळी महाग आणि जड, मधला आधार म्हणजे एक कापलेला तुकडा. हिशोब तुम्हीच करा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी, त्याची आणखी एक खोड म्हणजे तो भाराखाली हळूहळू वाकत जातो आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. प्लायही वाकतो पण एवढा निलाजरा नाही. पार्टिकल बोर्ड असेल तर दोन फुटांच्या पुढे विनाआधार नेऊ नका, १८ एमएम प्लाय असेल तर अडीच फूट.

आहे त्या फळ्या टाकू नका. उलट्या करा, पोट वर आलं पाहिजे, मग दोन्हीपैकी एक उपाय करा. मधे उभा तुकडा द्यायचा असेल तर तो सगळ्या फळ्यांमध्ये एकाखाली एक अशा रेषेत यायला हवा आणि सगळ्यात खालचा जमिनीला टेकायला हवा, नाहीतर वरच्या फळीचा भार खालच्या फळीच्या नेमक्या मधोमध जाऊन बसेल. मधला तुकडा नको असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी धरून गोंद आणि स्क्रूने लावा, मागच्या कडेखाली तशीच एक भिंतीला. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरली की सहज वाकते आणि उभी धरली की वाकता वाकत नाही, तेच. शिवाय समोरून फळी जाड आणि भारी दिसते, हा फुकटचा फायदा.

एक गोडाऊन बंद होतंय तिथून लाकडी पॅलेट (मालाखाली ठेवतात त्या फळ्यांच्या चौकटी) फुकट मिळतायत, चांगली दहा-बारा आहेत, त्याचा पलंग आणि सोफा करावा म्हणतो, इंटरनेटवर फार भारी फोटो बघितले. काही काळजी घ्यायची का? – फुकट ते पौष्टिक

फोटो भारीच असतात. खरं सांगू का, लहान जागेत मला पॅलेटचं फर्निचर फारसं पटत नाही. नेहमीच्या मोठ्या पॅलेटची एकेकाची जाडीच साडेपाच इंचांच्या आसपास असते, वजन २० ते २५ किलो, खालच्या फटीत धूळ जाते ती झाडू पोचत नाही अशा ठिकाणी बसते, आणि दोन एकावर एक ठेवली की अकरा इंच जागा निव्वळ हवेला दिली. पॅलेट आहे तसं वापरण्यापेक्षा ते सोडवून त्याच्या फळ्या वापरा, मग ती खरोखर फुकटातली चांगली वस्तू आहे.

उचलायच्या आधी शिक्का शोधा. देशाबाहेर ये-जा करणाऱ्या पॅलेटवर एका चौकटीत गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि शेजारी काही अक्षरं भाजून किंवा छापून काढलेली असतात. त्यात एचटी (HT) असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे, आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं. ते घ्या. एमबी (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू वापरलाय, ते फुकट काय, वर पैसे दिले तरी नको. शिक्काच नसेल तर ते बहुतेक देशातल्या देशात फिरलेलं असतं, ते वापरायला हरकत नाही पण भुंग्याची बारीक भोकं आणि खाली पडणारी पिठासारखी भुकटी दिसली तर घरात आणू नका, ती भुकटी उद्या तुमच्या दाराच्या चौकटीतून पडेल. आणि एचटी असलं तरी त्याच्यावर काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही. तेलकट डाग, रसायनाचा वास, गडद ओघळ, सरळ सोडून द्या.

सोडवताना पहार घालून उचकटू नका, फळीच्या टोकाला चीर जाते आणि हातात सरपण येतं. पॅलेटचे खिळे बऱ्याचदा पिळाचे असतात, ते सहज निघत नाहीत. फळी आणि ठोकळा यांच्या मधे पाचर मारून एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट करा आणि त्या फटीतून हॅक्सॉ ब्लेडने खिळा कापा. वेळ लागतो, हात दुखतात, पण फळी अख्खी मिळते. राहिलेलं खिळ्याचं डोकं लाकडातच असू द्या, वाईट नाही दिसत. फक्त रंधा मारायच्या आधी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. मी एकदा फिरवला नाही आणि रंध्याच्या पात्याला दात पडला, नंतर महिनाभर प्रत्येक फळीवर त्या दाताची बारीक उभी रेघ उमटत होती.

भाड्याच्या घरात आहोत. घरमालक एक खिळा ठोकू देत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतं. मग काहीच बनवायचं नाही का? – बोचकी बांधून

बनवायचं, पण सुटं होणारं. गोंद फक्त त्या सांध्याला लावा जो कधीच उघडायचा नाही, बाकी सगळं नटबोल्टवर. नुसता स्क्रू प्लायमध्ये तीन-चार वेळा काढघाल केला की भोक ढिलं होतं, म्हणून जिथे परत परत उघडायचं तिथे लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट मिळतात ते बसवा, बोल्ट लोखंडात फिरतो आणि लाकडाला झीज नाही. आणखी सोपं म्हणजे खाचेत खाच. प्लायच्या दोन फळ्यांना अर्ध्यापर्यंत प्लायच्या जाडीएवढी खाच पाडून एकमेकींत अडकवल्या की चौकट उभी, ना खिळा ना स्क्रू. खाच आधी जरा घट्टच कापा आणि पॉलिश पेपरने घासत घासत बसवा, एकदा ढिली झाली की मग उपाय नाही.

ही काही नवी युक्ती नाही. मायकेल थोनेट या फर्निचरवाल्याने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची जी खुर्ची १८५९ साली काढली ती लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात जोडली जायची, आणि सुट्या भागांच्या तब्बल ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. तुमचं घरसामान टेम्पोत भरताना आठवा.

आता माझी कथा. आम्हीही भाड्याच्या घरात होतो, छताची उंची आठ फूट म्हणजे ९६ इंच. मी हुशारी करून कपाट केलं ९४ इंच उंच, २४ इंच खोल, वर दोनच इंच सोडले, जागा वाया जायला नको ना. जमिनीवर आडवं ठेवून जोडलं, पाठ ठोकली, गोंद सुकला, घरातल्या सगळ्यांना बोलावलं आणि उभं करायला घेतलं. उभं होताना त्याचा वरचा कोपरा छताला लागला. आडवं असलेलं कपाट उभं करताना त्याची तिरकी लांबी फिरते, आणि ती ९७ इंच होती. एका इंचाने अडलं! वरच्या बाजूने तीन इंच कापून टाकेपर्यंत ते चार दिवस खोलीत मधोमध आडवं पडून होतं आणि आम्ही त्याच्यावरून ओलांडून जात होतो. तेव्हा उंच काही करायचं तर दोन भागांत करा, खालचं वेगळं, वरचं वेगळं, मधे चार बोल्ट. आणि दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची खोली हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एक इशारा मात्र देते. भिंतीला न बांधलेलं उंच आणि अरुंद कपाट पुढे कलंडू शकतं, विशेषतः सगळे ड्रॉवर एकदम उघडले किंवा लहान मूल फळ्यांवर चढलं तर. घरात मूल असेल तर कंबरेपेक्षा उंच काही मोकळं उभं करू नका, किंवा मग घरमालकांना कारण सांगून दोन भोकांची परवानगी मागा आणि घर सोडताना भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून देते म्हणा. बहुतेक जण मुलाचं नाव काढल्यावर ऐकतात.

घरी स्टूल केलं, डुगडुगतं. एक पाय कापला तर दुसरीकडे डुगडुगतं. असं करत करत ते आता पाट होत आलंय. – हताश

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, माफ करा.

डुगडुगणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींना औषध वेगळं. स्टूलवर हात ठेवून आडवं हलवा. पाय जमिनीवर गच्च आहेत पण वरचा भाग डावीकडे-उजवीकडे झुलतोय, तर पायांच्या लांबीचा काही दोष नाही, सांधे ढिले आहेत. चौकोन झुलतो, त्रिकोण झुलत नाही, म्हणून कोपऱ्यात तिरकी पट्टी द्या नाहीतर पायांना खालून आडव्या दांड्या द्या. स्क्रू आवळून हे जात नाही, फार तर महिनाभर जातं.

आणि आडवं न झुलता नुसतं टकटक करत असेल तर एक पाय आखूड आहे. पण कोणता ते डोळ्याने ठरवायला गेलात की पाट होतो. खात्रीची सपाट जागा शोधा, फरशी नको, फरशी स्वतःच उंचसखल असते. जाड काच किंवा कपाटाचं सरळ दार आडवं टाकून त्यावर स्टूल ठेवा. आखूड पायाखाली कागदाच्या घड्या सारत जा, डुगडुग थांबेपर्यंत आणि वरची बैठक समतल होईपर्यंत. आता एक लाकडाचा ठोकळा घ्या, जाडी आखूड पायाखालच्या फटीपेक्षा जरा जास्त, त्याच्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ठोकळा सरकवत चारही पायांना सगळ्या बाजूंनी रेघ मारा. चारही पाय त्या रेघेवर कापा. एकदाच. लांब आहेत ते पाय कापायचे नाहीत, सगळे कापायचे, आखूडही थोडा कापला जाणार, आणि सगळी चूक त्या एका रेघेत निघून जाते.

पुढचं स्टूल तीन पायांचं करा. तीन पाय कुठेही टेकतात, खडबडीत जमिनीवरसुद्धा. फक्त कडेला बसून वाकलं तर चार पायांपेक्षा लवकर कलंडतं, म्हणून पाय बाहेर फाकवलेले हवेत.

माझ्याकडे ड्रिल नाही, करवत नाही, जागा नाही, बाल्कनी पण नाही. सुरुवात कशी करू आणि काय काय घेऊ? – कोरी पाटी

करवत घेऊच नका. प्लायची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची असते, ती दुकानातच मापाप्रमाणे कापून घ्या, मोठ्या मशीनवर कापलेली कड तुम्हाआम्हाला जन्मात जमणार नाही. त्याआधी कागदावर शीट आखून सगळे तुकडे त्यात बसवून न्या, आणि प्रत्येक कापाला करवतीची साधारण ३ एमएम जाडी जाते ती धरा. हे विसरलं की शेवटचा तुकडा एक सेंटीमीटर कमी भरतो आणि तो नेमका दाराचाच असतो. बाकी ड्रिल शक्यतो कोणाकडून तरी उसनं घ्या, विकत घ्यायचं ते टेप, गुण्या (काटकोन तपासायला), दोन शिकंजे (फळ्या दाबून धरायला), पांढरा गोंद आणि पॉलिश पेपर. गुण्यावर पैसे वाचवू नका. मोठा काटकोन तपासायचा असेल तर एका बाजूने तीन फूट, दुसरीने चार फूट खूण करा, तिरकं बरोब्बर पाच फूट आलं की काटकोन पक्का.

पहिली वस्तू म्हणून कपाटाच्या वाटेला जाऊ नका, एक उघडं खोकं करा, पाच फळ्यांचं. ते आडवं ठेवलं तर बसायला, उभं ठेवलं तर पलंगाशेजारी, दोन झाली की एकावर एक. इटलीतल्या एन्झो मारी या डिझायनरने १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळ्यांनी कोणालाही करता येतील अशा टेबल-खुर्च्या-पलंगांचे नकाशे काढले आणि जो पोस्टाचा खर्च पाठवेल त्याला ते पाठवून दिले. त्याचं म्हणणं असं की स्वतः एकदा टेबल ठोकून बघितलं की विकतचं टेबल कसं केलंय ते माणसाला दिसायला लागतं. मला हे शंभर टक्के पटतं, आता कोणाच्या घरी गेले की मी आधी टेबलाखाली वाकून बघते, लोकांना वाटतं काही पडलंय.

भिंतीत उभा होणारा पलंग घरी बनवता येईल का? गादी १० इंच जाड आहे. खोलीत दिवसा मुलांना खेळायला जागा हवी. – दिवसा हॉल रात्री बेडरूम

बनवता येतो, पण तुम्ही बनवू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विल्यम मर्फी याने एका खोलीच्या घरात हाच प्रश्न सोडवला, त्याच्या नावाने आजही असा पलंग ओळखला जातो, पण त्याचं मर्म लाकूडकामात नाहीच, तोलात आहे. पलंग आणि गादी मिळून ६०-७० किलो होतात, त्यांना तोलायला स्प्रिंग किंवा गॅसचे दांडे लागतात आणि ते नेमक्या त्या वजनाला जुळवावे लागतात. कमी जोराचे लावले तर पलंग धाडकन खाली, जास्तीचे लावले तर गादी काढल्यावर तो आपणहून वर उसळतो. मुलं खेळणार म्हणता, तिथे हा प्रयोग नको. करायचाच तर यंत्रणा तयार किट म्हणून वजनाप्रमाणे घ्या, भिंतीला जोडायचं काम अनुभवी सुताराकडून करून घ्या आणि बाहेरचं लाकूडकाम तेवढं तुम्ही करा. १० इंची गादी तशीही जमणार नाही, मिटल्यावर कपाट भिंतीपासून दीड फूट बाहेर येईल.

त्यापेक्षा आहे तो पलंग उंच करा. पंधरा-सोळा इंच उंच चौकट, तिच्यात चाकांवरची खोकी, दिवसा खेळणी खाली. चाकाचीच घ्या, ड्रॉवर चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) नको, कारण चॅनेलवरचा दोन फुटी ड्रॉवर पूर्ण उघडायला समोर दोन फूट मोकळे लागतात आणि तेवढे तुमच्याकडे बहुधा नसतील, खोकं मात्र ओढून कुठेही तिरकं नेता येतं. गादीखाली सलग प्लाय टाकू नका, खालून हवा लागत नाही आणि घामाची ओल धरून गादीच्या पोटाला काळी बुरशी येते. तीन-चार इंची पट्ट्या टाका, दोन पट्ट्यांमध्ये अडीच इंचापेक्षा जास्त फट नको, नाहीतर गादी फटीत उतरते. दोन माणसांचा पलंग असेल तर पट्ट्यांखाली मधोमध पलंगाच्या लांबीभर एक तुळई आणि तिच्याखाली पाय हवाच, त्या झोळी झालेल्या फळीचं गणित इथेही तसंच्या तसं लागू आहे. आणि चाकाच्या खोक्याला पुढून हँडल लावू नका, हात घालायला नुसती खाच कापा, रात्री अंधारात नडगीला लागणारं हँडल कसं असतं ते मी तीन वेळा अनुभवलंय.